कप सुटेनात

दुपारचे तीन चाळीस. न्यूझीलंडमधल्या हावेरातल्या वर्कशॉपमध्ये नाइरी टिपेट दूध काढण्याच्या यंत्राचे चार कप पाण्याच्या बादलीत सोडून बसली होती. पाणी संपलं तरी कप ओढतच राहिले. बादलीच्या जागी गाय असती तर एव्हाना लाथ बसली असती.

ब्रेट हॅडफिल्डच्या गायींच्या शेडमधला, हे कप चालवणारा जुना बोर्ड जळला होता. पहाटेच्या दुधासाठी नवा त्याला आज संध्याकाळी हवा होता.

धार आटली की सडांवरचे कप आपोआप सोडायचे, एवढंच नाइरीच्या प्रोग्रामचं काम. धारेचा सेन्सर तुंबलाच तर काय, म्हणून तिने वीस वर्षांपूर्वी एक तोड काढली होती. कप लागल्यापासूनच्या वेळेची मोजणी ठरलेल्या जागेत मावेनाशी झाली की आकडा उलटून उणे होतो. तसा झाला की कप सोडा. आजवर दगा नव्हता. आज तीच तोड तपासायला तिने सेन्सर मुद्दाम बुजवला होता. पण बोर्ड नवा, प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर नवा, प्रोग्राम मात्र अक्षरन् अक्षर तोच.

आकडा बघायला तिने मध्ये तो पडद्यावर दाखवणारी एक ओळ घातली. कप सुटले. ओळ काढली. कप पुन्हा चिकटून बसले.

"अगं, मग राहू दे की ती ओळ!" शेजारच्या टेबलावर दुसऱ्या बोर्डाला डाग देता देता तिचा सहकारी स्टू म्हणाला.

"ती का चालते ते सांग, राहू देते."

"मी साधा डाग देणारा माणूस, बाई."

नाइरीने कंपायलरने काय बनवलंय ते उघडलं. आकडा उणे झाला का, ही तिची तपासणी तिथे नव्हतीच; ती जादा ओळ असली तरच टिकत होती. आकडा मावला नाही तर काय व्हावं, याचा प्रोग्रामच्या भाषेत नियमच नाही. कंपायलर धरून चालला, की असं कधी होत नाही. मग तपासायचं कशाला?

"म्हणजे चूक त्याची?" स्टूने विचारलं.

"नाही. भाषेचं पुस्तक म्हणतं, असं लिहिलं तर काहीही होऊ शकतं."

"वीस वर्षं तर बरोबर होत होतं!"

"'काहीही'मध्ये तेही आलं."

आकडा मावेल का ते बेरजेआधीच तपासायचं, असं तिने लिहिलं. कप सुटले. पण अशा तोडी आणखी कुठे कुठे काढल्या होत्या, ते तिला आठवेना. वाचायला लागली तर ओळखीची प्रत्येक ओळ परकी वाटू लागली.

ब्रेटचा फोन आला. "झालं ना? येतो घ्यायला."

"नको येऊस. देत नाहीये."

"चालतोय ना?"

"चालतोय. कालपर्यंत जुनाही चालत होता."

"नाइरी, चारशे गायी आहेत माझ्या! काय बिघडलंय ते तरी सांग."

"तेच कळत नाहीये, ब्रेट."

उद्या पहाटे पाचला ब्रेटच्या शेडमध्ये दूध काढणं सुरू होईल. कप तो आणि त्याची बायको हातानेच काढतील.