माझ्या गाडीची टकटक

मारुती मंदिरच्या सर्कलला गाडी थांबवली होती, तेव्हा तो आवाज पहिल्यांदा ऐकला. टकटकटकटक. बॉनेटखाली बसून कुणीतरी पत्र्यावर नखं वाजवतंय तसा. ॲक्सिलरेटर दाबला की गायब, गाडी उभी राहिली की पुन्हा हजर. शेजारच्या रिक्षावाल्यानेही मान वळवून पाहिलं. मी काच वर केली, पण आवाज आतही तेवढाच येत होता.

गाडी वीसेक वर्षांची आहे. नवऱ्याने जुनीच घेतली होती आणि मला चालवायला शिकवली होती. तो गेल्यापासून ती माझी एकटीची. आमचं घर मिरजोळ्याच्या पुढे, आत वाडीत. एसटी सकाळी एकदा येते आणि संध्याकाळी एकदा, तीही आली तर. माझा शिवणक्लास शहरात, बाजार, बँक, दवाखाना सगळं शहरात. म्हणजे ही गाडी आहे म्हणून मी माझ्या घरात राहते आहे. हे मला माहीत होतं आणि मुंबईतल्या माझ्या मुलालाही माहीत होतं. "गाडी चालतेय तोवर राहा तिकडे," असं तो दर गणपतीत म्हणायचा. माझ्याच घरात राहायची परवानगी मला तो देत होता, आणि मी मोदकांचं सारण ढवळत ऐकून घेत होते.

धाकटे दीर शेजारच्याच घरात राहतात. माणूस मनाचा चांगला, पण मत मागायची वाट बघत नाही. गाडी घरापुढच्या खळ्यात लावेपर्यंत ते कुंपणाशी आले होते.

"वहिनी, ह्या इंजिनाचा काय खरा नाय आता," ते म्हणाले. "आतून गेलाय ता. बघा, जळका वासपन येताय."

वास येत होता हे खरं. त्याच संध्याकाळी त्यांचा मुंबईला फोन गेला आणि जेवायच्या वेळेला मुंबईचा मला आला. काकांनी गिऱ्हाईक बघितलंय, रविवारी येईल, गाडी देऊन टाकू आणि तू इकडे ये, असं सगळं ठरवूनच मुलगा बोलत होता. "किती दिवस ओढायचं, आई?" तो म्हणाला. गाडीला की मला, ते त्याने सांगितलं नाही.

मला भयंकर राग आला. भीतीही वाटली, नाही म्हणत नाही. त्यांच्या फ्लॅटमधली ती माझ्यासाठी राखून ठेवलेली खोली डोळ्यासमोर आली, जिच्या खिडकीतून समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे दिसतात. पण राग भीतीपेक्षा मोठा होता, म्हणून मी रागाच्याच मागे गेले.

दुसऱ्या दिवशी गाडी एमआयडीसीजवळच्या गॅरेजात नेली. मिस्त्री घाईत होता. त्याने कान दिल्यासारखं केलं आणि म्हणाला, "काकी, टॅपेट असतील, नायतर बेअरिंग. इंजिन खोलूया."

"खोलायचं नाही," मी म्हटलं. "आधी ऐकायचं."

माझा जन्म शिलाई मशीनं ऐकण्यात गेला आहे. क्लासमध्ये सगळ्या मुली एकदम शिवत असल्या तरी कुणाची बॉबिन केस ढिली झालीय आणि कुणाची सुई प्लेटला घासतेय, हे मी पाठमोरी सांगते. मशीनला आतून दुखायला लागलं की जाड कापड आल्यावर ते जास्त ओरडतं. जोर लागला की कळ येते, हे माणसाचंही तसंच. आणि माझी गाडी? चढावर निमूट, माणसं भरली तरी निमूट. टकटक करायची ती नुसती उभी असताना. कामाला लावलं की थांबतं आणि रिकामं बसलं की सुरू होतं, ते दुखणं नव्हे. अशी माणसं मी आमच्या वाडीत पुष्कळ बघितली आहेत.

मी मिस्त्रीला एकेका प्लगची वायर काढून बघायला सांगितलं. आतलं बेअरिंग वाजत असेल तर त्या सिलिंडरची वायर काढल्यावर आवाज बदलतो. हे मी मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकले होते आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. मी दारातून हलत नाही म्हटल्यावर त्याने एकेक वायर काढली. इंजिन दर वेळी लंगडलं, थरथरलं, पण टकटक होती तशीच राहिली.

"मग बेअरिंग नसंल," तो म्हणाला. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं. मी त्याचा लांब स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला आणि घरी आले.

रविवारी दीर गिऱ्हाइकाला घेऊन आले तेव्हा मी साडी खोचून, बॉनेट उघडून खळ्यात उभी होते. गाडी चालू होती. स्क्रू ड्रायव्हरची मूठ माझ्या कानाला आणि टोक इंजिनावर.

"वहिनी, ह्या काय चाललाय? माणसं आलीत," दीर म्हणाले.

मी हातानेच थांबा म्हटलं. सिलिंडरच्या बाजूला टोक लावलं, नुसती घरघर. वरच्या झाकणावर लावलं, नेहमीची बारीक चिकचिक. एक्झॉस्टवर उष्णता अडवायला एक पत्रा असतो, त्याला लावलं आणि कान फुटायची वेळ आली. क्लासमधली कापड मोजायची लाकडी पट्टी आणून मी तो पत्रा दाबून धरला. आवाज बंद. पट्टी उचलली, सुरू. पुन्हा दाबली, पुन्हा बंद. गिऱ्हाईक हसायला लागलं.

गाडी बंद करून गार होईपर्यंत मी दोघांना चहा दिला. मग पत्र्याचे बोल्ट सोडवले. खाऱ्या वाऱ्याने एक गंजून बसला होता, त्याने माझ्या बोटांची सालं काढली. पत्रा उचलला तशी आतून दोन वस्तू खाली पडल्या. एक झेंडूचा जळका देठ, आणि एक पाचाचं नाणं, काळं पडलेलं, कडेला अजून हळद धरून असलेलं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. मी माझ्या मशीनची करते आणि पहिला टाका घालायच्या आधी वरचं नाणं उचलून घेते, नाहीतर ते मशीनबरोबर नाचत बसतं. गाडीची पूजा मात्र घरच्या पुरुषाने करायची, असं वाडीत सगळ्यांनी धरलेलं. म्हणून नवरा गेल्यापासून ती दीर करतात. बाकीचे लोक बॉनेटवर बाहेरून हार घालतात. आमच्या दिरांचं म्हणणं, खरं हत्यार म्हणजे इंजिन. ते बॉनेट उघडतात, इंजिनाला हळद-कुंकू लावतात, फूल आणि नाणं आत ठेवतात, बॉनेट आपटतात आणि प्रसादाकडे वळतात. तेव्हा ही पूजा होऊन जेमतेम आठवडा झाला होता.

दीर नाण्याकडे बघत राहिले. त्यांनी ते ओळखलं होतं.

"भावजी," मी म्हटलं, "गाडी आजारी नव्हती. तुम्ही दिलेली दक्षिणा वाजत होती."

त्यांनी कप खाली ठेवला. "माझ्या ध्यानात नाय आला," ते हळूच म्हणाले.

मी गाडी सुरू केली. ती जुन्या गाडीसारखी चालली, पण टकटक नव्हती. गिऱ्हाईक पुढे येऊन म्हणालं, "इंजिन झकास हाय. आत्ता घेऊन जातो."

"द्यायची नाही," मी म्हटलं.

संध्याकाळी मी होऊन मुलाला फोन केला. त्याने सगळं ऐकलं, हसलासुद्धा. मग म्हणाला, "पण आई, आज हा आवाज गेला, उद्या दुसरा येईल."

"येईल ना. गाडी जुनी, मीही जुनी. दोघींना आवाज येणारच."

"मग तेव्हा काय करशील?"

"ऐकीन," मी म्हटलं. "तुम्हीही आधी ऐकत जा. लगेच विकायला काढू नका."

यंदाच्या खंडेनवमीला दीर नेहमीसारखे पूजेचं ताट घेऊन आले. ताट मी त्यांच्या हातातून घेतलं. हळद-कुंकू लावलं, हार घातला, सगळं बॉनेटच्या बाहेरून. ते खिशात नाणं चाचपायला लागले, तर त्यांना म्हटलं, "ते राहू दे तिथेच. शहरात जातेय मी, बसा गाडीत." वाडीतल्या चार जणांच्या देखत ते डावीकडच्या सीटवर बसले आणि मी गाडी काढली.