मुंगसा, तोंड दाखव

अडीच महिन्यांच्या सहा तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, आज पहिल्यांदाच परसात सोडल्या. खुराड्याचं दार उघडलं तरी त्या आतच घुटमळल्या. मग एकीनं पाय बाहेर टाकला, गवत टोचलं म्हणून उचलला, पुन्हा टाकला. त्यांच्या मागोमाग जाऊन मी काठी घेऊन फणसाखाली बसले. मागच्या खेपेला अशीच कौतुकानं पिल्लं सोडली होती आणि चहा ठेवायला आत गेले होते. परतले तेव्हा कुंपणाशी नुसती पिसं होती आणि मुंगसाची शेपटी करवंदीच्या जाळीत शिरत होती.

तेव्हा शेजारच्या काकू कुंपणापलीकडून म्हणाल्या, "अगं, मुंगूस दिसणं चांगलं असतं."

"कुणाचं चांगलं, काकू?"



लहानपणी शाळेच्या वाटेवर आम्ही 'मुंगसा मुंगसा, तोंड दाखव' म्हणत किती वेळ ताटकळायचो. तोंड दिसलं की दिवस चांगला जायचा, गणितंसुद्धा सुटायची. तेच शब्द आज मी दातओठ खात पुटपुटत होते. विनवणी तीच राहते, मधल्या वर्षांत हातात काठी येते एवढंच.

करवंदीची पानं हलली. तलंगा एकदम गप्प होऊन माझ्या पायांशी गोळा झाल्या. पानांतून ते तोंड बाहेर आलं, लाल डोळ्यांचं, अगदी निवांत. मी उठून उभी राहिले. म्हटलं, बघ, नीट बघून घे. आज सकाळी आपण कुणाचं तोंड पाहिलं होतं, हे तुला जन्मभर आठवलं पाहिजे.