वस्तऱ्याच्या खाचेतली चिंधी

"तू नको जावस. सांग, हात मुरगललाय."

"दोनी हात?"

"मंग ताप आलाय सांग."

"तापान डोकी नाय होत कं? माजा बा हिवतापान थरथरत गावाची डोकी कराचा."

"तुजा बा मानसा नव्हता मारत."

बायको, मालन, बोलून गेली आणि चुलीकडं तोंड फिरवून उगाच लाकडं मागं-पुढं करत बसली. धाकू न्हावी ओट्यावर उकिडवा बसला होता. सकाळचं ऊन पायांवर आलेलं. पुढ्यात धोकटी पसरलेली, तिच्या चामड्यावर वस्तरा सुटा करून ठेवलेला. मूठ वेगळी, पातं धरणारी पट्टी वेगळी, मोडून घातलेलं अर्धं पातं वेगळं. आणि बाजूला पळसाच्या पानावर नखाएवढी काळी चिंधी. काल दुपारी दहाव्यासाठी वस्तरा साफ करताना खाचेतनं ती बाभळीच्या काट्यानं उकरून काढली, नाकाशी नेली आणि तशीच पानावर टाकली. तेव्हापासून त्याच्या तोंडाला चव नव्हती.

आज दौलतचं दहावं. कळव्याच्या खाडीला सुतक फेडायला सगळं घर जाणार, आणि दौलतच्या दोन पोरांची, पुतण्यांची, भाऊबंदांची मिळून आठ डोकी धाकूनं करायची. ती बापाच्या वेळेपासून चालत आलेली रीत. न्हाव्यानं डोकं केल्याशिवाय सुतक फिटत नाही. आणि ज्या मेलेल्याचं सुतक, त्याला आपल्याच वस्तऱ्यानं मारलंय, हे धाकूला कालपासून कळलं होतं.

हा वस्तरा गावच्या वस्तऱ्यांसारखा नव्हे. बापाचा जुना होता तो एकच लोखंड. दाढी झाली की तळहातावर पुसायचा, पाण्यातनं काढायचा, कोरडा करून खोबरेलाचं बोट फिरवायचं. घाण बसायला त्याला जागाच नव्हती. पण त्याला दगडावर धार लावावी लागे, आणि धार लावायला डोळे लागतात. पंचेचाळिशीत धाकूच्या डोळ्यांवर सारा आला. धार कुठं मेली, कुठं वाकली, दिसेना. लोकांचे गाल खरवडायला लागले. लढाई संपल्यावर कल्याणच्या छावणीतलं सामान भंगारवाल्यांकडं आलं, त्यात त्याला हा सापडला. गोऱ्या सोल्जराचा असावा. धारच लावायची नाही, पातं मेलं की काढून फेकायचं, नवं सरकवायचं. ठाण्याच्या स्टेशनाजवळच्या एका न्हाव्याला बापाचा वस्तरा देऊन त्यानं त्याच्याकडनं साध्या पात्यांचं पुडकं घेतलं. घरी आला तेव्हा पोरगा झाल्यागत चेहरा होता त्याचा.

गावानं यथेच्छ चेष्टा केली. दौलत सगळ्यांत पुढं. "धाकू, तुजा वस्तारा म्हातारा झाला कं नवा दात लावतो. तुज्या बायकोला सांग, तुज्या तोंडान पन लावाला."

"आदी तुज्या तोंडाला गप बसवतू," धाकू म्हणायचा आणि दौलतचं नाक दोन बोटांत धरून वर करायचा. नाक न्हाव्याच्या हातात असलं की मोठ्ठा शेठही गप बसतो. दौलत तर मिठागरातला गडी.

पण त्या विलायती खाचेला लागायचं लांब पातं. ते इकडं मिळेना. धाकू साधं पातं मधोमध मोडून अर्धं घालायचा. ते खाचेत डुगडुगायचं. म्हणून त्यानं आपल्याच धोतराच्या काठाची चिंधी दुमडून खाचेत घातली. पातं घट्ट बसलं. तीन वर्षं बसलं. पातं दर चार दिवसांनी बदलायचा, वरनं पाणी मारायचा, पुसायचा. चिंधीकडं त्यानं एकदाही पाहिलं नाही. लोखंड स्वच्छ ठेवायचं हे त्याला बापानं शिकवलं होतं, चिंधीचं कुणी शिकवलं नव्हतं. गावातल्या प्रत्येक दाढीचा साबण, केस, रगत त्या चिंधीनं तीन वर्षं पिऊन घेतलं.

चैत्रात तिघांच्या गालांवर फोड आले. लोक म्हणाले, मिठागराची उष्णता. धाकूही तेच म्हणाला.

मग दौलत. मिठाचा हंगाम सरत आला होता, गड्याला घाई होती. जबड्याच्या हाडाखाली पातं चावलं. धाकूनं तुरटी फिरवली. "न्हाव्याचा हात कं कोंबरीचा पाय?" दौलत हसत म्हणाला आणि खांद्यावर फावडं टाकून गेला. तिसऱ्या दिवशी जबडा सुजला. बायजानं कडुनिंबाचा पाला न् हळद वाटून बांधली. चौथ्या दिवशी डोळा मिटला. पाचव्याला गळा असा फुगला की पाणी उतरेना. सहाव्या दिवशी होडीत घालून ठाण्याला नेला. तिथल्या डॉक्टरनं पाला सोडून पाहिला, नाक मुरडलं आणि म्हणाला, "हे काय बांधलंय? विष रक्तात गेलंय, आता काय करू?" दौलत दिवस मावळायच्या आत गेला.

डॉक्टरचं बोलणं दोन तुकडे होऊन गावात आलं. पाला आणि विष. मधलं कुणाला ऐकू आलं नाही.

बायजा म्हणजे दौलतच्या धाकट्या भावाची विधवा. नवरा मिठागराच्या बांधावर वीज पडून मेला, त्याला नऊ वर्षं झाली. मूल नाही. माहेर शहाडकडं होतं, तिथं आता कुणी नाही. दौलतच्या घरामागच्या पडवीत राहायची, मिठाच्या पाट्या वाहायची आणि झाडपाल्याचं चार गोष्टींचं कळायचं म्हणून लोक तिच्याकडं यायचे. आता तेच लोक तोंडावर पदर धरून म्हणत होते, आधी नवरा खाल्ला, आता दीर. दौलतची बायको गंगुबाई नुसतं म्हणाली, "बारावा होऊ दे." त्यावर भाऊबंदांनी ठरवून टाकलं की बारावं झालं की बायजानं पडवी सोडायची. कुठं जायचं ते तिचं तिनं बघायचं. दहाव्यालाही तिनं यायचं नाही.

काल चिंधी निघाल्यावर धाकूनं पहिल्यांदा जाऊन बघितलं ते पडवीत. बायजानं दोन लुगडी, एक तांब्या आणि उखळातला बत्ता एका गाठोड्यात बांधून ठेवला होता. बाराव्याला अजून अवकाश होता, तरी गाठोडं बांधून दारात ठेवलेलं. धाकूला पाहून म्हणाली, "डोकी कराला जाशील तवा सांग त्यांना, पाल्यान काय नव्हता. मिनी माज्या जिबेनी चाखून बगला व्हता."

धाकू दारातनंच परत फिरला होता.

आता त्यानं चिंधी पानात गुंडाळली आणि कमरेला खोचली. वस्तऱ्याचे तुकडे धोकटीत टाकले.

"चाललास?" मालन दारात आली. "आरं, साठ घरांचा भात येतो आपल्याला. उद्या एक मूठ येनार नाय. पोरींची लग्ना कराचीत. ती बायजा तुजी कोन लागते?"

"कोन नाय."

"मंग?"

धाकू धोकटी काखेत मारून चालू लागला. मागनं मालननं कपाळावर हात मारल्याचा आवाज आला, आणि मग भांडी आपटल्याचा.

खाडीला ओहोटी होती. चिखल उघडा पडलेला, तिवरांच्या मुळांत खेकडे पळत होते. बांधावर तीन दगडांची चूल मांडून पिंडाचा भात शिजायला ठेवला होता. बायका लांब तिवरांच्या सावलीला, पुरुष चुलीजवळ. दौलतचा मोठा पोरगा मारुती, पंचविशीचा, उघड्या अंगानं पाटावर बसून तयार. त्याच्यामागं धाकटा गणू.

"काका, उशीर केलास," मारुती म्हणाला. "पानी चढायच्या आत आवरला पायजे."

धाकूनं धोकटी खाली ठेवली. पितळी वाटी काढली, भरली नाही. मग कमरेचं पान काढून मारुतीच्या पुढ्यात उघडलं.

"आदी ह्या बग."

"काय हाय?"

"माज्या वस्ताऱ्याच्या खाचेतली चिंधी. पाता हलू नये म्हनून घातलेली. तीन वरसा धुतली नाय. तुज्या बापाला कापला ते दिसी हीच व्हती आतमदे." धाकूनं पान आणखी पुढं सरकवलं. "बायजाच्या पाल्यानी नाय मेला तो. पाला बांदायच्या आदीच सुजला व्हता. माज्या हातानी मेला."

मारुतीला समजायला जरा वेळ लागला. समजलं तसा तो पाटावरनं उठला आणि धाकूच्या छातीत लाथ घातली. धाकू चिखलात उताणा पडला. दोघांनी मारुतीला मागनं धरलं. कुणीतरी म्हणालं, "सोरा मारुतीला, मारू दे." कुणी म्हणालं, "दहाव्याला मारामारी नको." गणू पानावरच्या चिंधीकडं नुसता बघत राहिला.

धाकू उठला नाही. चिखलातच बसला. तिवरांकडनं गंगुबाई आली. नवऱ्याच्या मागं दहा दिवसांत वाळून काटकी झालेली बाई, पण चाल ताठ. तिनं पान उचललं, चिंधी बघितली, हुंगली.

"कवा निगाली ही?"

"काल दुपारी, वयनी."

"काल दुपारी. आनि आज सांगतंस?"

"काल भ्यालू."

"आज नाय भ्यालास?"

"आज पन भ्यालू."

गंगुबाईनं पान चुलीतल्या जाळात टाकलं. फसफसून धूर निघाला, घाण वास सुटला, बायकांनी पदर नाकाला लावले. ती धाकूकडं बघत राहिली. लोकांना वाटलं, आता ही शिव्या देईल, ऊर बडवेल. तिनं तसलं काही केलं नाही.

"रखमाबाई," तिनं मागं वळून एका म्हातारीला हाक मारली. "घरला जा. त्या बायजाला सांग, गठुरा सोर म्हनाव. मना तिचा तोंड बगाचा नाय, कवाच नाय. पर पडवीन राहू दे."

"आनि ह्याचा काय?" मारुती ओरडला. "ह्याला असाच सोडाचा?"

"तुमची डोकी कोन करनार? तू?" गंगुबाई म्हणाली. "ठान्यासना न्हावी आनाला होडी जाल, येल, तवर दिस बुडेल. तुज्या बापाचा पिंड तसाच राहील." ती धाकूकडं वळली. "ऊठ. तो वस्तारा माज्या समोर धू. सगला सोड."

धाकू उठला. चिखलाचे हात खाडीत धुतले. वस्तऱ्याचा एकेक तुकडा त्यानं तिला दाखवून पितळी वाटीत टाकला. वाटी पाण्यानं भरली आणि भाताचं भांडं जरा सरकवून जाळावर ठेवली. पाणी उकळलं, तसा त्यावर तेलकट काळा तवंग आला. गंगुबाईनं ते ओतायला लावलं. दुसरं पाणी घातलं. मग तिसरं. तिसऱ्या पाण्यात बांधावरचं मूठभर मीठ टाकलं. वस्तऱ्याच्या मुठीचा रंग उडाला, एका बाजूनं ती वाकली. धाकूनं काटा पाण्यात बुडवून खाच आतनं दोन-दोनदा खरवडली, सूर्याकडं धरून बघितली. त्याला दिसत नव्हतंच. गणू पुढं आला, त्याच्या हातातनं वस्तरा घेऊन त्यानं खाचेत एक डोळा लावला आणि म्हणाला, "अजून हाय कोपऱ्यान." धाकूनं परत खरवडलं.

नवं पातं मोडून त्यानं अर्धं सरकवलं. ते डुगडुगलं.

"आता काय घालशील त्यान?" गंगुबाईनं विचारलं.

"काय नाय. आंगठ्यानी दाबून धरीन."

"आदी तुज्या गालाव," मारुती म्हणाला. "बापाला कापलास तिथंच. रगत निगला पायजे."

धाकूनं गंगुबाईकडं पाहिलं. त्यानं डाव्या हातानं कातडी ताणली, जबड्याखाली पातं टेकवलं आणि ओढलं. बारीक लाल रेघ उमटली, मग थेंब धरला आणि मानेवरनं छातीवर उतरला. तुरटीला त्यानं हात लावला नाही. वस्तरा परत उकळत्या पाण्यात बुडवला, बाहेर काढून झटकला.

मारुती पाटावर बसला. मान खाली घातली नाही, ताठच बसला. त्याच्या मानेच्या शिरा तटतटलेल्या होत्या. धाकूनं पाण्याचा हात त्याच्या केसांवर फिरवला आणि शेंडीच्या बाजूनं सुरुवात केली. पातं हलू नये म्हणून अंगठा धारेच्या मुळाशी दाबून धरलेला. पहिलं डोकं होईस्तोवर अंगठा दोन ठिकाणी चिरला. दर डोक्यामागं तो वस्तरा सोडायचा, उकळत्या पाण्यातनं काढायचा, नवं पातं मोडायचा. अंगठा मिठाच्या पाण्यात बुडवायचा.

पुढं गावातली निम्मी घरं दाढीला ठाण्याला जाऊ लागली. उरलेल्यांनी त्याला ठेवला, पण दाढीला बसण्याआधी त्यांच्या चुलीवर वाटी उकळायची, ही नवी रीत पडली. धाकूच्या थोरल्या पोरीला दोन स्थळं आली, परत गेली. बायजानं पडवी सोडली नाही आणि धाकूशी ती कधी बोललीही नाही. दाराबाहेर गाठ पडली तर तोंड फिरवायची. आपण चाखून बघितलेला पाला दहा दिवस लोकांनी विष म्हटला आणि ह्यानं ऐकून घेतलं, एवढंच तिच्या डोक्यात राहिलं.

पण ते पुढचं. त्या सकाळी पाणी चढत होतं आणि सहा डोकी बाकी होती. गणूचं झालं, तो उठून खाडीत उतरला. पाटावर केसांचा ढीग पडला होता. धाकूनं तो पायानं बाजूला सारला, वाटीतलं पाणी बदललं आणि जाळात दोन काटक्या सरकवल्या.

"चल, पुढचा कोन? मान खाली घाल."