पाच वाट्या कमी

"आधी सांग, पेरणार काय?"

मी मोठी स्टेशन वॅगन घ्यायला निघालो, तेव्हा काकांनी मला हेच विचारलं. घरात माणसं दोन आणि गाडी आठ जणांची! मी मुकाट्यानं छोटी गाडी घेतली. तुमच्याही ओळखीत असा एखादा काका असेल, ज्याचा एकच प्रश्न सगळ्या दुखण्यांवर चालतो. पण आमच्या काकांना हा प्रश्न आयता मिळाला नव्हता. तो त्यांच्या एका चुकीतून आला, आणि त्या चुकीचा मला आजही अभिमान वाटतो.

ऐंशीच्या दशकात आम्ही ओहायोतल्या एका कारखान्यात होतो. काका इन्स्पेक्शनला, मी त्यांच्या हाताखाली. ते सांगलीकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. मी पुण्याचा, म्हणजे धान्य वाण्याकडेच पिकतं असं मानणारा. शनिवार आला की जुन्या अवजारांच्या लिलावाला जायचं, आणि ड्राइव्ह मी करायचं, हे ठरलेलं.

आसपास आमिश लोकांची शेतं होती. ही माणसं धर्मापायी मोटारी-ट्रॅक्टर न वापरता घोड्यांनी शेती करतात, त्यामुळे त्यांना घोड्यांनी ओढायची जुनी पेरणीयंत्रं लागायची. ती बनायची केव्हाच बंद झाली होती, आणि लिलावात अंगणात शोभेला ठेवणारे हौशी लोक भाव चढवायचे.

काका त्या यंत्राला सरळ पाभरच म्हणायचे. बिनदिक्कत तिच्याखाली उताणे पडायचे, लोखंडावरचे आकडे बोटानं चाचपायचे आणि कुठल्या कारखान्याची, साधारण कधीची, ते सांगायचे. मग एक चाक जॅकवर उचलायचं, पेटीत गहू ओतायचा, अकरा नळ्यांखाली अकरा डबे ठेवायचे आणि चाक फिरवायचं. सगळ्या डब्यांत सारखे दाणे पडले, तरच भाव सांगायचा. "रंगाला पैसे देऊ नका, रंग उगवत नाही," हे ते आमिश गिऱ्हाइकांना सांगली छाप इंग्रजीत ऐकवायचे. फी शून्य. ती गंभीर, दाढीवाली माणसं काकांच्या शब्दावर बोली लावायची, आणि काही न करता कॉलर माझी ताठ व्हायची.

एका सप्टेंबरअखेर एक तरुण आमिश शेतकरी आला. पहिल्यांदाच स्वतःचं शेत घेतलेलं, हातातलं सगळं त्या एका यंत्रावर लावणार होता. थंडीच्या आत पेरणी झाली नाही, तर वर्ष गेलं. काकांनी चाक फिरवलं, डबे पाहिले. "घे, डोळे झाकून घे." त्यानं घेतलं. त्याच्या बायकोनं आम्हाला घरचा पाव दिला.

परतताना काकांनी गाडीत एक तुकडा तोंडात टाकला आणि चावता चावता थांबले.

"आरं, हा गहू न्हवं. ही तर आपल्या खपलीची बहीण!"

"मग छानच आहे की, काका."

"गाडी वळव."

"अहो, चाळीस मैल आलोय!"

"वळव म्हणतो ना! घरी हे खात्यात, म्हंजे पेरणारबी हेच. खपली सालीसकट पेरत्यात लेका, आणि मी तपासलं नुसत्या गव्हावर."

पेटीखाली प्रत्येक नळीवर बी सोडणारी एक लोखंडी वाटी असते, आणि तिला दोन तोंडं असतात. बारीक दाण्याला एक, मोठ्याला दुसरं. काकांनी मोठी तोंडं उघडलीच नव्हती. त्या धान्याचं नाव स्पेल्ट. शेतावर पोचून ते पेटीत ओतलं, चाक फिरवलं. सहा डब्यांत दाणे, पाच रिकामे. पाच वाट्यांच्या मोठ्या तोंडांतली, दाणे पुढे ढकलणारी चाकं गंजून तुटली होती.

पोराचा चेहरा उतरला. तरी म्हणाला, "बोली मी लावली होती."

"माझ्या शब्दावर लावलीस. काय पेरणार, हे मी विचारलंच नाही. चूक माझी."

काकांच्या गॅरेजमध्ये अगदी त्याच बनावटीची पाभर होती. तीन हिवाळे खपून त्यांनी ती चकचकीत केली होती. पाहुण्यांना चहाच्या आधी तिचं दर्शन! काकू तिला 'माझी सवत' म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी तिच्याच पाच वाट्या सोडवल्या आणि भोकांवर पत्रे ठोकले.

"काका, एवढी जीव लावलेली वस्तू..."

"ही कुठं पेरायला जातीया?" असं म्हणाले खरे, पण हात बराच वेळ पेटीवरच होता. शेतकऱ्याला मात्र सांगितलं, "घरी पडून होत्या."

पेरणी वेळेत झाली. तेव्हापासून कुठल्याही पाभरीला हात लावण्याआधी तो प्रश्न.

काही वर्षांनी काका गेले. एक हौशी गिऱ्हाईक गॅरेजमध्ये येऊन नाक मुरडून गेलं, "पाच वाट्या नाहीत, हिला किंमत नाही." मला असा राग आला, की मी त्याला निरोपही दिला नाही.

मग तो आमिश शेतकरी ड्रायव्हरसकट भाड्यानं घेतलेल्या व्हॅननं आला. काकूंसाठी स्पेल्टची पिशवी आणली होती. काकूंनी त्याला पाभर दाखवली. त्यानं काकांच्याच जॅकवर चाक उचललं, पिशवीतलं धान्य पेटीत टाकलं आणि चाक फिरवलं. सहा नळ्यांतून दाणे पडले. तो खाली वाकला, पाच पत्रे त्यानं एकेक करून चाचपले.

"पडून होत्या, म्हणाले होते," तो म्हणाला.

"नव्हत्या," मी म्हणालो.

तो वाकलेलाच राहिला. मग त्यानं डोक्यावरची हॅट काढली.