उन्हाची तूट

बेळगावच्या कॉलेजातून सुट्टीला आलो तेव्हा पोटात एकच गोष्ट उसळत होती : शक्तीपासून वस्तुमान तयार होतं! आमच्या मास्तरांनी सांगितलेलं. एक जबर किरण शिशाच्या पत्र्यावर पडला, किरण नाहीसा झाला अन् त्याच्या जागी दोन कण निघाले. वजन असलेले कण! आता हे ऐकून कोण गप बसेल?

मामा हिरड्याची चार पोती गाडीत घालून कॅसलरॉकला निघाला होता. मीही चढलो. हिरड्याच्या बदल्यात मामीसाठी वर्षाचं मीठ अन् एक लुगडं आणायचं होतं. वजन पुरं भरलं तर लुगडं, न्हाईतर नुसतं मीठ.

मी वाटभर बोलत होतो. "अन् मामा, तापलेली वस्तू थंड वस्तूपेक्षा जड असते! उष्णता म्हणजे शक्तीच की."

"बैलांच्या कानावर घालू नको," मामा म्हणाला, "भर उन्हात गाडी सोडतील."

स्टेशनाजवळ हिरडा घेणाऱ्या गुत्तेदाराचा मापाडी तागडी घेऊन बसलेला. दर पोत्यामागं तूट धरायची त्याची रीत. धुळीची तूट, तरटाची तूट, उंदरांची तूट. त्या उंदरांनी खाल्लं असतं तर हत्ती झाले असते. मी त्यालाही सगळं सांगितलं.

तो नीट ऐकत होता. इतकं नीट माझ्या वर्गातसुद्धा कुणी ऐकलं नव्हतं.

"म्हंजे ऊन खाल्लेली पोती जड भरत्यात?"

"भरतात! पण इतकी थोडी की जगातल्या कुठल्याच तागडीला..."

"भरत्यात न्हवं? झालं तर." मापाड्यानं पोती तोलली, अन् जाहीर केलं, "पोत्यामागं दोन शेर ऊन वजा."

मामानं माझ्याकडं बघितलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

"मग थंड झाल्यावर तोला," मामा म्हणाला.

"राहू दे की रात्रभर उघड्यावर. माझं काय जातंय?"

रात्रभर दव पडलं. सकाळी तीच पोती शेरभर जास्तच भरली. मापाड्यानं तरट चाचपलं. "वल हाय. वलीची तूट."

"काल ऊन लागलं म्हणून तूट, आज थंडी लागली म्हणून तूट," मामा म्हणाला. "अण्णा, आमचा माल तोलायचा मुहूर्त तरी काढून द्या!"

मागं पोती घेऊन बसलेले पाचपंचवीस जण खो खो हसले. एक म्हातारी म्हणाली, "तागडी पोळतीया का बघा रं, तिचंबी ऊन वजा करा!"

मापाडी लाल झाला. माझ्याकडं वळला. "तू शिकलेला न्हवं? सांग ह्यांस्नी. ऊन जड असतंय का न्हाई?"

किरण, शिसं, दोन कण, सगळं जिभेवर आलं. मी गिळलं.

"काल तागडीनं दाखवलं तेवढंच वजन," मी म्हणालो.

मागचे पुन्हा हसायच्या आत मापाड्यानं एकही तूट न काढता कालचं वजन पुरं धरलं. मामानं लुगडं हिरवं निवडलं. परतताना त्यानं मला गाडीत पुढं बसवलं अन् म्हणाला, "आता बोल काय बोलायचं ते. हितं मापाडी न्हाई."

मी सुरू झालो.