अहो, हे तुमचं का?

समोरासमोर दारं असली, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. चपलांसारखे दाराशी आपोआप जमतात. मुलुंडला आमच्या समोर सामंत राहतात. भाऊजी लष्कराच्या संशोधन खात्यातून रिटायर झाले. तिथे काय बनवलं? ते वहिनींनाही ठाऊक नाही!

"पोरीच्या बारशालासुद्धा हे टूरवर," वहिनी मला सांगतात. "कशापायी गेले होते, एवढं तरी कळू दे गं!"

भाऊजींचं एकच उत्तर, "बाजारात आलं, की कळेल."

झालं! तेव्हापासून नवीन काही दिसलं, की वहिनींचं सुरू, "अहो, हे तुमचं का?"

*

आमच्याकडे मायक्रोवेव्ह आला. वहिनींनी लगेच विचारलं.

"नाही," भाऊजी म्हणाले. "पण निघालाय तो युद्धातल्या रडारच्या कामातून."

हे माझ्या सासूबाईंनी ऐकलं. आता मी बटण दाबलं, की त्या कानांत बोटं घालून पलंगामागे!

*

तिघं रिक्षाने घाटकोपरला निघालो. फोनमधली बाई रस्ता सांगत होती.

"हे तरी?"

"माझं नाही. पण आधी सैन्यासाठीच होतं."

रिक्षावाला वळून म्हणाला, "तरीच! बाई नुसती ऑर्डर सोडते!"

*

माझ्या भाच्याच्या लग्नात हॉलमध्ये ड्रोन फुलं उधळत होता. वहिनींनी भाऊजींना कोपर मारलं.

"नाही. आणि उडवणाऱ्याला म्हणावं, पंख्याच्या वाऱ्यात आणू नको."

सांगायला जाईपर्यंत ड्रोन थेट नवरदेवाच्या फेट्यात! तेवढ्यात वहिनी मोठ्याने, "देवा, बरं झालं, यांचा नाही!"

*

गेल्या महिन्यात मॉलमध्ये गेलो. वहिनींनी एक पाकीट उचललं. तयार उपमा, फक्त गरम पाणी ओतायचं.

"शी! असला उपमा कोण खातं?" म्हणून परत ठेवलं.

भाऊजींनी ते गुपचूप ट्रॉलीत टाकलं. वहिनींनी काढलं. त्यांनी पुन्हा टाकलं.

"अहो, टूरवरून आलात की उपम्याचं नाव काढू द्यायचा नाहीत. आता हे कशाला?"

"बर्फातसुद्धा टिकतो," भाऊजी पुटपुटले. कान लालबुंद.

वहिनींनी पाकिटाकडे बघितलं. मग त्यांच्याकडे. मग पुन्हा पाकिटाकडे. आणि फळीवरची पाकिटं भराभर ट्रॉलीत टाकायला लागल्या!

"वहिनी, घरी रवा आहे ना?" मी म्हटलं.

"तू गप गं! उंच आहेस ना? ती वरची पण काढ."