टोपलीतलं पिल्लू

काल संध्याकाळी अरादच्या किल्ल्याजवळ कुणीतरी कोळशावर मटण भाजत होतं. त्या धुराच्या वासाने मी एकदम काँगोत जाऊन पोचलो. इथे बहारीनला येण्याआधी, लग्नाच्याही आधी, मी तिथे मोबाइल टॉवर उभारायच्या कामावर होतो.

तिथल्या एका बाजारात, कोळशाच्या पोत्यांआड, एक माणूस टोपली घेऊन बसला होता. टोपलीत गोरिलाचं पिल्लू होतं. मी वाकलो, तर त्याने माझं बोट मुठीत धरलं. तळवा माणसासारखाच, मऊ आणि तापलेला.

"आपण घेऊ या याला," मी सोबतच्या जोसेफला म्हणालो. तो तिथलाच इंजिनिअर.

"याला पकडताना त्यांनी याची आई मारली असणार," तो हळू आवाजात म्हणाला. "आपण विकत घेतलं, तर ते दुसरं पिल्लू पकडायला पुन्हा जंगलात जातील."

मी माझं बोट हळूहळू सोडवून घेतलं. बाहेर येऊन आम्ही वनखात्याला फोन केला. त्यांची माणसं पोचली तेव्हा टोपलीवाला निघून गेला होता.

तेव्हा वाटलं होतं, पिल्लाने माझ्यावर विश्वास टाकला. पुढे माझी मुलगी तान्ही असताना झोपेत आईचा गाऊन तसाच घट्ट धरायची. ते पाहून कळलं, पिल्लू मला धरत नव्हतंच. ते आईच्या अंगावरचे केस चाचपत होतं.